उपाहारगृहाच्या दारांतील कुत्रा

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत एक प्रसंग आहे. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेंत पडल्यावर धर्मराज एकटाच पुढें चालतो. सोबतीस उरतो तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो व सांगतो कीं, कुत्रें बाळगणारास स्वर्गांत जागा नाहीं. धर्मराज रथांत चढण्याचें नाकारतो. पुढें तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्मच, असें उघडकीस येतें. आज पुण्यामुंबईच्या एखाद्या उपाहारगृहाच्या दारांत साखळी हातीं धरून उभा असलेला गृहस्थ आणि त्यास अडविणारा व्यवस्थापक यांचा वाद त्याच जातीचा आहे. मात्र येथें निवाडा करण्यास यमधर्म प्रकट होत नाहीं. तो आपला आपणांसच करावा लागतो.

जुन्या घरांत हा प्रश्न उद्भवतच नसे. जेवणापूर्वीं गाय, कुत्रा व कावळा यांचे घांस बाजूस काढले जात. कुत्र्यास अन्नांत वांटा होता, पंक्तींत पाट नव्हता. त्याचें स्थान अंगणांत. आतां शहरांतील सदनिकेस अंगण उरलें नाहीं. कुत्रा घरांतलाच एक होऊन बसला, आणि त्यास एकट्यास कोंडून बाहेर जेवावयास जाणें कित्येकांच्या जिवावर येऊं लागलें. तेव्हां ही मागणी केवळ हौसेची आहे, असें म्हणून ती उडवून लावतां येत नाहीं.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि तितकेंच खरें आहे. जलसंत्रास, म्हणजेच रेबीज, याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. म्हणून ज्या देशांत तो रोग अद्याप आहे, तेथें कुत्र्याची भीति बाळगणारास भित्रा म्हणतां येणार नाहीं. लस टोंचलेल्या, निरोगी कुत्र्यापासून हें भय फारसें नसतें. पण शेजारच्या टेबलापाशीं बसलेल्या आईस तें कसें कळावें? शिवाय कित्येकांस केसांमुळें दम्याचा त्रास होतो, कुत्र्याच्या विष्ठेंतून जंतांचीं अंडीं पसरतात, आणि कुत्र्यास कुरवाळलेला हात न धुतां तसाच पानावर जातो. खुद्द कुत्र्याचेंहि हित पाहिलें पाहिजे. गर्दी, गोंगाट व पायांखालीं येण्याचें भय त्यास सुखावह नसतें. आणि कोणी प्रेमानें पुढें केलेला कांद्याचा पदार्थ किंवा चॉकलेट त्यास विषासारखें बाधूं शकतें.

निरनिराळ्या देशांनीं यांतून निरनिराळे मार्ग काढले आहेत. ब्रिटनमध्यें ग्राहकांच्या बसण्याच्या दालनांत कुत्र्यास कायद्याची सरसकट बंदी नाहीं, निर्णय मालकाचा. स्वयंपाकाच्या जागेपासून मात्र त्यास दूर ठेवावेंच लागतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०१४ सालीं कायदा करून मालकाच्या मर्जीनें उघड्यावरील बैठकींत कुत्रा आणण्याची मुभा दिली. तीस अटी आहेत: कुत्र्यानें आंतून न जातां बाहेरच्या वेगळ्या वाटेनें यावें, तो साखळीस बांधलेला असावा, त्यानें खुर्चीवर बसूं नये, आणि अन्न हाताळणाऱ्या नोकरांनीं त्यास स्पर्श करूं नये. भारतांत अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०११ सालीं केलेल्या विनियमांच्या परिशिष्ट ४ मध्यें प्राणी, पक्षी व पाळीव जनावरें यांस खाद्यपदार्थांच्या आस्थापनेंत येऊं देऊं नये, असें सांगितलें. तरीहि मोठ्या शहरांत कुत्र्यांचें स्वागत करणारीं उपाहारगृहें निघालींच. नियम एक आणि वहिवाट दुसरी, अशा स्थितींत ग्राहकास कोणाचाच भरंवसा राहत नाहीं. त्यापेक्षां अटी स्पष्ट लिहून मोजकी परवानगी देणें अधिक शहाणपणाचें.

परंतु एका कुत्र्यास हा सगळा विचार लागू पडत नाहीं. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें १९१६ सालीं वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, आणि तेथून ही विद्या इतरत्र पसरली. असा कुत्रा हा अंधाचा सोबती नव्हे, त्याचे डोळे आहेत. अमेरिकेंत १९९० च्या कायद्याप्रमाणें त्यास उपाहारगृहांत प्रवेश द्यावाच लागतो. त्याचें काम उघड दिसत नसेल, तर दोनच प्रश्न विचारतां येतात: अपंगत्वामुळें हा कुत्रा आवश्यक आहे काय, आणि त्यास कोणतें काम शिकविलें आहे? कागदपत्रें मागतां येत नाहींत. मात्र कुत्रा आवरेनासा झाला, तर त्यास बाहेर नेण्यास सांगतां येतें. भारतांत असे कुत्रे अद्याप विरळ आहेत. म्हणूनच असा एखादा दारीं आला, तर त्यास ओळखण्याची तयारी आधींपासून हवी.

धर्मराजाच्या कथेंतील एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. आपल्या कुत्र्यासाठीं त्यानें दुसऱ्या कोणास स्वर्गांतून उठविलें नाहीं. त्यानें स्वतःची जागा सोडण्याची तयारी दाखविली. हौसेनें कुत्रें पाळणारानें एवढें घेतलें तरी पुरे. मालकानें किंवा शेजाऱ्यानें ‘नको’ म्हटलें, तर न भांडतां आपल्या मुक्या सोबत्यासह परत फिरावें. अंधास मात्र परत फिरण्यास सांगण्याचा अधिकार कोणासच नाहीं; कारण डोळे दाराबाहेर ठेवून आंत या, असें कोणी कोणास म्हणत नसतें.