उणे चाळीसातलं बागकाम

आपल्याकडे बागकाम ही शिकायची गोष्ट आहे असं फारसं कुणाला वाटत नाही. ‘अमकीच्या हाताला गुण आहे, काडी खोचली तरी फुटते,’ असं म्हणून आपण मोकळे होतो. ज्याच्या हाताला गुण नसतो तो नर्सरीतून कुंडी आणतो आणि ती वाळली की दुसरी आणतो. पण जगाच्या पाठीवर असेही प्रदेश आहेत की जिथे नुसत्या हाताच्या गुणावर भागत नाही. तिथे माणसं बागकामाचे वर्ग भरवतात, परीक्षा घेतात आणि उत्तीर्ण झालेल्याला ‘मास्टर गार्डनर’ म्हणतात. पगार मात्र देत नाहीत. उलट, शिकवलेल्याची परतफेड म्हणून गावकऱ्यांसाठी ठरावीक तास फुकट काम करायला लावतात.

कॅनडातल्या सॅस्काटून शहरात मी हे प्रमाणपत्र मिळवलं ते साठी उलटल्यावर. बँकेतली नोकरी संपली होती, यजमान गेले होते आणि मी मुलीकडे राहायला गेले होते. पुण्याच्या गॅलरीतली तुळस, मोगरा आणि कढीपत्ता एवढंच माझं या विषयातलं भांडवल. परदेशी मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचं दुःख तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. कुणी काही कमी पडू देत नाही, आणि तेच दुःख असतं. आपल्यावाचून कुणाचंच काही अडत नाही! तीस वर्षं काउंटरपलीकडून लोक माझं मत विचारायला येत. इथे रस्ता ओलांडायचा तरी मुलीला विचारून. वाचनालयातल्या फलकावर या वर्गाची सूचना दिसली तेव्हा फुलांपेक्षा मला ‘स्वयंसेवक हवेत’ हे शब्द जास्त सुंदर वाटले.

या कल्पनेचा जन्म अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला. १९७०च्या दशकाच्या आरंभी सिॲटलच्या परिसरात लोकांचे बागेविषयीचे प्रश्न इतके वाढले, की विद्यापीठाच्या विस्तार विभागातल्या मोजक्या तज्ज्ञांना ते आवरेनात. मग त्यांनी तोड काढली, की हौशी लोकांनाच फुकट शिकवायचं आणि बदल्यात त्यांनी इतरांच्या शंका निवारायच्या. १९७३ साली पहिली तुकडी तयार झाली. पदवीचं नाव जर्मन ‘गार्टनमाइस्टर’वरून घेतलं. पुढे हे लोण अमेरिकाभर आणि कॅनडातही पसरलं.

सॅस्काटून म्हणजे प्रेअरी, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट मैदान. १ फेब्रुवारी १८९३ रोजी इथला पारा उणे ५० अंशांवर गेल्याची नोंद आहे, आणि उणे चाळिसाचं आजही कुणाला आश्चर्य वाटत नाही. मेच्या उत्तरार्धात शेवटचं हिमदव पडतं, सप्टेंबरच्या मध्याला पुन्हा सुरू होतं. म्हणजे बागेला जेमतेम चार महिने. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसाला आपल्याकडे दुष्काळी पट्टा म्हणतात.

वर्गात पहिल्यांदा शिकले ते हे, की बर्फ झाडाचा वैरी नाही, ते पांघरूण आहे. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते. त्यामुळे बाहेर उणे तीस असलं तरी खालच्या मातीत मुळांचा जीव तगून राहतो. खरी भीती बर्फाविना थंडीची. फेब्रुवारी-मार्चमधलं ऊन तर फसवं. दुपारी दक्षिण-पश्चिमेकडची साल तापते, रात्री गोठते आणि तडकते. म्हणून कोवळ्या झाडांच्या खोडांना पांढरं आवरण गुंडाळतात.

दुसरं कौतुक मातीचं. तिथली माती ‘चेर्नोझेम’ जातीची. या रशियन शब्दाचा अर्थच काळी माती. मला वाटलं, ही तर आपल्या विदर्भ-मराठवाड्याची बहीण. पण नातं रंगापुरतंच. प्रेअरीची माती काळी झाली ती हजारो वर्षं गवताची मुळं तिच्यात कुजल्यामुळे, आणि आपली काळी घडली बेसॉल्टच्या खडकातून. तिच्यात कुजलेला सेंद्रिय अंश कमीच असतो.

जूनमध्ये इथे पावणेसतरा तासांचा दिवस असतो. आपल्याकडच्या कांद्याला गड्डा धरायला अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. त्याला या उन्हात लावलं तर तो घाईघाईने गड्डा धरतो आणि गोटीएवढाच राहतो. इथे वेगळे, दीर्घ दिवसांचे वाण लावावे लागतात. मेथी मात्र पोरासारखी वाढते!

या हवेशी झगडलेल्या माणसांची हकिगतही अभ्यासात होती. रोस्थर्नजवळच्या सीगर व्हीलर या शेतकऱ्याने १९११ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गव्हाचं मोठं पारितोषिक जिंकलं. त्यानेच झाडांची वारारोधक रांग उभारून तिच्या आडोशाला फळझाडं वाढवून पाहिली. इथल्या विद्यापीठाने १९९९मध्ये ‘कार्माइन ज्युवेल’ ही बुटकी आंबट चेरी दिली. पुढे २००७मध्ये हॅस्कॅपचे नवे वाण दिले. हॅस्कॅपचं फूल उणे सात अंशांतही टिकतं. पण या सर्वांच्या आधी क्री लोक होतेच. ज्या जांभळट बोराच्या क्री नावावरून या शहराचं नाव पडलं, ते बोर सुकवून, वाळलेल्या मांसात कुटून ते हिवाळ्याची बेगमी करत.

शिक्षण संपलं आणि शनिवारच्या बाजारात आमचं टेबल लागलं. शिकवण अशी, की उत्तर देण्याआधी प्रश्न विचारायचे. झाड किती वर्षांचं? पाणी कधी घालता? शेजारच्या झाडांना काही झालंय का? मला हे नवं नव्हतं. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी मी हेच करत आले होते.

एका उन्हाळ्यात एक वृद्ध गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत सफरचंदाची फांदी घेऊन आले. पानं जळल्यासारखी काळी, शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकलेला. हा फायरब्लाइट, जिवाणूंचा रोग. झाड त्यांच्या दिवंगत पत्नीने लावलेलं. ‘वाचेल ना?’ एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हणणं फार सोपं होतं. समोरचा माणूसही तेच ऐकायला आलेला असतो. मी म्हटलं, हमी देता येणार नाही. रोगाच्या खुणेच्या खाली वीतभर तरी निरोगी भाग घेऊन फांदी कापा, प्रत्येक कापानंतर करवत निर्जंतुक करा, कापलेलं अंगणात ठेवू नका. आणि मोठी छाटणी हिवाळ्यात, झाड झोपलेलं असताना. त्यांनी सारं कागदावर लिहून घेतलं. पुढच्या मे महिन्यात ते मुद्दाम सांगायला आले. अर्धं झाड गेलं होतं, अर्ध्याला फुलं आली होती. आम्ही दोघांनी मिळून त्या अर्ध्याबद्दल बोलायचं ठरवल्यासारखं तेवढंच बोललो.

अर्धं आयुष्य मागे टाकून आलेल्या बाईला यापेक्षा जास्त काय हवं? नवऱ्याची आठवण या टेबलावर बसून कमी झाली नाही. पण आठवड्यातून एक दिवस कुणाचं तरी माझ्यावाचून अडू लागलं.

राहून राहून वाटतं, आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत आणि निवृत्तांची तर मुळीच वानवा नाही. बँका, शाळा, कचेऱ्यांतून हिशेबाने, नेमाने काम केलेली ही माणसं सकाळच्या फेरीनंतर बाकावर बसून असतात. त्यांना वर्षभर माती, कीड, छाटणी शिकवली आणि सोसायटीच्या फाटकाशी एक टेबल टाकून दिलं, तर झाडं किती वाचतील ते सांगता येत नाही. टेबलामागची माणसं मात्र वाचतील.