थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचा मागोवा

आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हटलं की पोलिसाच्या खांद्यावरची लाकडी दस्त्याची रायफल आठवते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही तिची काडतुसं बनली. बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असलेलं रिकामं काडतूस आजही परदेशातल्या संग्राहकांकडे सापडतं. तिच्या गोळीची कथा मात्र क्वचितच कुणी सांगतं.

ब्रिटिश सैन्याने 1888 मध्ये ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी 480 ग्रेन वजनाची, शिशाची, कागदात गुंडाळलेली. नवी गोळी 215 ग्रेनची, गोल नाकाची, धातूच्या कवचातली. काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट आलं आणि त्याच्या उष्णतेने मेटफर्डच्या नळीतले उथळ आटे झिजू लागले. म्हणून 1895 मध्ये खोल पाच आट्यांची ली-एनफिल्ड आली. कलकत्त्याजवळच्या डमडममध्ये गोळीचं टोक उघडं ठेवण्याचा प्रयोग झाला. फुटून पसरणाऱ्या अशा गोळ्यांवर 1899 च्या हेग परिषदेत बंदी आली.

1910 ची ‘मार्क सेव्हन’ 174 ग्रेनची, टोकदार. कवचाखाली टोकाशी ॲल्युमिनियम, मागे शिसं. त्यामुळे वजन मागे सरकलं आणि लक्ष्यात शिरताच गोळी कलंडू लागली. कायद्याचं अक्षर पाळलं गेलं, हेतू नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सैन्य 7.62 मिमी काडतुसाकडे वळल्यावर काडतुसं पुन्हा भरण्याचं काम ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या हौशी नेमबाजांकडे आलं, आणि नावातला आकडा अनेकांना चकवून गेला. 0.303 इंच हे आट्यांमधल्या उंचवट्यांवरून घेतलेलं माप. आट्यांच्या तळाशी ते 0.311 किंवा जास्त भरतं, युद्धकाळातल्या नळ्यांत तर आणखी. अमेरिकी 0.308 ची गोळी इथे सैल पडते, नीट फिरत नाही.

म्हणून जाणकार आधी नळी मोजतात. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, तेल लावलेला मऊ शिशाचा तुकडा नळीतून हलक्या हाताने ठोकत पार करतात आणि त्यावर उमटलेले आटे मापतात. आटे पाच, म्हणजे प्रत्येक आट्यासमोर उंचवटा; साधा मायक्रोमीटर माप कमी दाखवतो, त्यासाठी व्ही आकाराच्या आधाराचाच लागतो. मग साच्यात गोळी ओततात: शिसं, साचा नीट भरावा म्हणून कथील, कठीणपणासाठी अँटिमनी. माप आट्यांपेक्षा इंचाच्या एक-दोन सहस्रांशांनी मोठं, बुडाला तांब्याची छोटी टोपी.

तयार गोळी घ्यायची तर सपाट बुडाची घ्यावी. निमुळत्या बुडाची ‘मार्क एट’ व्हिकर्स मशिनगनसाठी होती. झिजलेल्या रायफलीत अशी गोळी मागून येणारा वायू नीट अडवत नाही.

भारतात .303 हा प्रतिबंधित बोअर आहे आणि काडतुसं बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा हा उद्योग इथे घरी करण्याचा नाही. परदेशात रीतसर परवान्याने अशी रायफल बाळगणाऱ्या मराठी नेमबाजांनी मात्र नळी मोजल्याशिवाय गोळ्यांचा एकही डबा विकत घेऊ नये.