एलडीएल आत घेणारं दार

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला, एलडीएलचा आकडा चढलेला दिसला, की घरातल्या तुपाच्या बरणीवर संक्रांत येते. खाण्याचा वाटा आहेच. पण रक्तात एलडीएल किती उरणार, हे मुख्यतः यकृताच्या पेशी ते किती वेगाने आत ओढून घेतात यावर ठरतं. या ओढून घेण्यामागची यंत्रणा मोठी बघण्यासारखी आहे.

ऑक्सिजनचा रेणू पेशीपटलातून सहज आरपार जातो. ग्लुकोजसाठी पटलात प्रथिनांच्या वाटा असतात. एलडीएलचा कण मात्र सुमारे 22 नॅनोमीटरचा. गाभ्यात कोलेस्टेरॉलचे जवळजवळ दीड हजार रेणू. तो यातल्या कुठल्याच वाटेत मावत नाही. मग पेशी आपलं पटलच आत दुमडते.

हे दुमडणं कुठेही होत नाही. पटलावर जागोजागी छोटे खळगे असतात, त्यांना आतून क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर. थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी 1964 मध्ये असे खळगे डासाच्या अंडपेशीत पाहिले. अंड्यासाठी लागणारी प्रथिनं त्यांतूनच आत जात होती. क्लॅथ्रिनला नाव दिलं बार्बरा पिअर्स यांनी, 1976 मध्ये. त्याचा रेणू तीन पायांचा. असे अनेक रेणू पायांत पाय अडकवून पंचकोन-षट्कोनांची जाळी विणतात, तसतसा खळगा खोल होत जातो. शेवटी डायनॅमिन हे दुसरं प्रथिन त्याच्या मानेभोवती फास आवळतं आणि पुटिका सुटून आत पडते. जाळी लगेच उसवते, तिचे रेणू पुढच्या खळग्याच्या कामाला लागतात.

एलडीएल धरून आणणारा रिसेप्टर आतल्या आम्लतेत पकड सोडतो. एलडीएल पचवलं जातं, कोलेस्टेरॉल मोकळं होतं, आणि रिकामा रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर. एका फेरीला साधारण 10 मिनिटं. रहाटगाडगंच हे, दिवसरात्र चालू.

ते उलगडलं आजारामुळे. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन हे दोघे डॉक्टर. एक 6 वर्षांची मुलगी आणि तिचा 8 वर्षांचा भाऊ, दोघांचं कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात, त्या वयात हृदयविकार. अशा रुग्णांमुळे त्यांना हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. डॅलसमध्ये त्यांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवल्या. निरोगी पेशींना एलडीएल मिळालं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवत. या पेशींना मात्र बाहेरच्या साठ्याचा पत्ताच नव्हता, कारण रिसेप्टरच नव्हते. एका रुग्णात तर आणखी विचित्र प्रकार निघाला. रिसेप्टर होते, ते एलडीएल पकडतही होते. पण शेपटीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं, त्यामुळे ते खळग्यात गोळाच होत नव्हते. माझ्या मते खळग्यांचं महत्त्व याहून चोख कुठल्याच प्रयोगाने सिद्ध केलं नसेल. 1985 चं नोबेल या दोघांना मिळालं.

स्टॅटिनची गोळीही याच दाराशी काम करते. ती पेशीची स्वतःची कोलेस्टेरॉल-निर्मिती रोखते. तुटवडा जाणवला की यकृताच्या पेशी पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर पाठवतात आणि रक्तातलं एलडीएल उतरतं. रिसेप्टरचे दोन्ही जनुक निकामी असतील, तर मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही.

असे दोन्ही जनुक बिघडलेले रुग्ण विरळा. वडिलांकडून किंवा आईकडून एक सदोष जनुक आलेली माणसं मात्र साधारण 250 त एक असतात, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. घरात कुणाला ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर स्वतःची आणि मुलांचीही एलडीएलची तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करून घ्या.