तोक्योतलं मराठी बिऱ्हाड

जपानमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी तरुण कुटुंबांची दाट वस्ती तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, त्यातही निशी-कासाई स्टेशनाच्या आसपास आहे. २००० साल उजाडताना संगणकांतल्या ‘वायटूके’ या तारखांच्या घोळाच्या दुरुस्तीसाठी भारतीय अभियंत्यांना जपानमधून मोठी मागणी आली. निशी-कासाईहून तोझाई मार्गाची लोकल बँका आणि कंपन्यांच्या भागात थेट जाते, म्हणून त्यांनी तिथे घरं घेतली. पुढे डाळी-पिठांची दुकानं आली, शाळा आल्या. २०१९ साली मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले.

कामासाठी घर सोडणं कोकणाला नवं नाही. गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसारख्या गावांतून मुंबईला गेलेल्या चाकरमान्याची बायकामुलं मात्र पुष्कळदा गावीच राहत. तो गणपतीला आणि शिमग्याला येई. जपानला जाणारं जोडपं लेकरासकट जातं. आजी-आजोबांना बहुधा नव्वद दिवसांपर्यंतचाच मुक्काम मिळतो, त्यामुळे बाळंतपण सोडलं तर एरवी हाताशी घरचं माणूस नसतं.

जपानात उतरलं की विमानतळावरच निवासपत्र हातात पडतं. घर ठरल्यावर चौदा दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. आरोग्य विमा कंपनीकडून नसेल तर तोही तिथेच मिळतो. मुलांचा भत्ता, पाळणाघराचा अर्ज, सगळं त्याच इमारतीत. घर मिळवणं मात्र जिकिरीचं. खाजगी मालक अनामत रकमेशिवाय कधीही परत न मिळणारी ‘रेइकिन’ मागतात, वर जामीनदार हवा. परदेशी भाडेकरू नको म्हणणारेही भेटतात. ‘यूआर’ या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत रेइकिनही नाही आणि जामीनदारही नाही, फक्त उत्पन्नाची अट. निशी-कासाईच्या अशा वसाहतींत भारतीय नावं इतकी का दिसतात, याचं उत्तर यात आहे.

शेजाऱ्यांशी पहिला संबंध येतो तो बहुधा कचऱ्यावरून. तोक्योच्या तेवीस वॉर्डांत जळणारा कचरा साधारणपणे आठवड्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद एकदा आणि न जळणारा महिन्यातून दोनदा उचलतात. पिशवी त्या दिवशी सकाळीच ठेवायची, आदल्या रात्री नाही. जुनी गादी टाकायची तर आधी नोंदणी करून दुकानातून शुल्काची चिकटपट्टी विकत घ्यावी लागते. चुकलेली पिशवी सूचना चिकटवून तशीच सोडून जातात. त्यात भांडण नसतं, पण ती सगळ्या इमारतीला दिसते, आणि नव्या माणसाला ते भांडणापेक्षा जास्त लागतं.

स्वयंपाकघर मानलं जातं तितकं अवघड नाही. मुळा, वांगी, भेंडी, लाल भोपळा, अळवाचे कांदे, ओकिनावाकडची कारली जपानी बाजारातच मिळतात. मासे खाणाऱ्या कोकणी घराला बांगड्याचा भाऊबंद ‘साबा’ आणि तारलीच्या जातीचा ‘इवाशी’ सापडला की निम्मी काळजी मिटते. ओला नारळ मात्र सहज मिळत नाही; गोठवलेल्या खोबऱ्यावर भागवावं लागतं. खरी पंचाईत शाकाहाऱ्यांची. सूप, सॉस, उकडलेली भाजी, कशातही सुकवलेल्या ‘कात्सुओ’ माशाचा अर्क असू शकतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही.

मुलाबाळांच्या बाबतीत ही व्यवस्था उदार आहे. गरोदरपणाची नोंद होताच वॉर्ड ‘बोशी तेचो’ नावाची पुस्तिका देतो. आईच्या तपासण्या आणि बाळाच्या लशी तिच्यातच लिहिल्या जातात. एप्रिल २०२३ पासून विम्यातून बाळंतपणासाठी पाच लाख येन मिळतात. तीन ते पाच वयाच्या मुलांना बालवाडीचं शुल्क ऑक्टोबर २०१९ पासून माफ आहे, खाजगी बालवाडीत ठरलेल्या मर्यादेपर्यंत. पाळणाघरात जागा मिळणं मात्र आईवडील दोघांच्या कामाचे तास पाहून ठरतं. इथेच अडतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला परवानगी घेऊनही आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येतं. नोकरी नाही म्हणून पाळणाघर मिळत नाही, आणि पाळणाघर नाही म्हणून नोकरी शोधता येत नाही.

जपानमध्ये रुळण्याचं बरंचसं ओझं त्यामुळे तिच्यावर पडतं. नवऱ्याच्या कार्यालयात इंग्रजीवर पुष्कळदा निभतं; डॉक्टरांची प्रश्नावली, बालवाडीची रोजची वही, प्रत्येक मोज्यावर आणि खडूवर लिहायचं मुलाचं नाव, हे सारं जपानीत असतं आणि बहुधा तिच्या वाट्याला येतं. मराठीसारखंच जपानीतही क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे बोलणं लवकर जमतं. कांजी लिपी वर्षानुवर्षं छळते.

भूकंपाच्या सरावांची सवय होते, पण धोका पाण्याचाही आहे. एदोगावाचा बहुतेक भाग भरतीच्या पातळीखाली आहे, आणि मोठ्या पुराच्या वेळी वॉर्डाबाहेर निघून जा, असं त्याचा अधिकृत नकाशाच सांगतो. समुद्राकाठी वाढलेल्या माणसालाही हे घर घेताना सुचत नाही.

मूल सहा वर्षांचं झालं की पुढच्या एप्रिलमध्ये पहिली, आणि तिथे दोन वाटा फुटतात. सरकारी शाळेत शिकवणी मोफत. मुलं पायी जातात, वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात. परदेशी मुलांना सक्ती नाही, पण अर्ज केला की प्रवेश मिळतो. शाकाहारी मुलाचा डबा बहुधा घरून द्यावा लागतो. दुसरी वाट २००४ आणि २००६ साली निघालेल्या भारतीय शाळांची: इंग्रजी माध्यम, केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम, शुल्क भरपूर. परतायचं असेल तर ही सोयीची. पण परतायचं की नाही, हेच तोवर ठरलेलं नसतं, आणि म्हणून पुष्कळ घरांत हा निर्णय पगारापेक्षा अनिश्चिततेवर होतो. कायमच्या निवासाला सर्वसाधारणपणे दहा वर्षांचं वास्तव्य लागतं. नागरिकत्व घ्यायचं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, कारण दुहेरी नागरिकत्व दोन्ही देशांना मान्य नाही.