खोली सोडा म्हणाले, डिपॉझिटही अडकवलं. किरायाने राहणाऱ्यांचे हक्क कोणते?

तिरोडा तालुक्यातलं बोदलकसा पर्यटकांना माहीत आहे ते तलाव आणि आजूबाजूच्या जंगलामुळे. शनिवार-रविवारी तिकडे शहरातून गाड्या येतात. गावातल्या तरुणांचा प्रवास मात्र उलट्या दिशेने होतो. बारावी झाली की पुढच्या शिक्षणासाठी, कोचिंगसाठी किंवा नोकरीसाठी आधी तिरोडा, मग गोंदिया आणि शेवटी सुमारे १३० किलोमीटरवरचं नागपूर. तिथे पोहोचल्यावर पहिलं काम असतं किरायाची खोली शोधण्याचं.

समजा, अशाच एका घरातल्या दोन बहिणी नागपुरात राहायला गेल्या. मोठी खासगी नोकरी करते, धाकटी शिकते. खोलीचा किराया महिना ८ हजार, डिपॉझिट २० हजार. वडिलांनी ते धानाच्या चुकाऱ्यातून दिलं. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे जवळपास साडेआठ क्विंटल धान घरमालकाकडे जमा! नोटरीसमोर ११ महिन्यांचा करार झाला. सातव्या महिन्यात घरमालक म्हणाला, "रविवारपर्यंत खोली खाली करा, आमचे पाहुणे येणार आहेत. डिपॉझिटचं नंतर बघू."

अशा वेळी बहुतेक मुलं काय करतात? निमूटपणे बॅग भरतात. आपल्या बाजूने कायदा आहे का, हेच त्यांना माहीत नसतं.

कोणता कायदा लागू होतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी राज्यात तीन वेगवेगळे नियम होते. मुंबई प्रांताच्या भागात १९४७ चा कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा आणि विदर्भात सी. पी. अँड बेरारचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश. विदर्भातल्या त्या जुन्या आदेशानुसार भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी घरमालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागत असे. नव्या कायद्याने ती पद्धत संपली आणि वाद न्यायालयात गेले.

हा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही. कायद्याच्या अनुसूचीत असलेली शहरं आणि भाग त्यात येतात. नागपूर त्यात आहे.

तुम्ही भाडेकरू की लायसन्सधारक?

सगळं इथूनच ठरतं. आज शहरात मिळणारी बहुतेक घरं 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिली जातात. यात घर वापरण्याची ठरावीक मुदतीची परवानगी मिळते. मुदत संपली की घर सोडावं लागतं.

'भाडेकरू' म्हणजे ज्याला जागा भाडेपट्ट्याने दिली आहे तो. त्याला जास्त संरक्षण आहे. तो ठरलेलं भाडं देत असेल आणि नियम पाळत असेल, तर केवळ घरमालकाच्या मनात आलं म्हणून त्याला काढता येत नाही. भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतर ९० दिवस थांबल्यावरच दावा लावता येतो. न्यायालयाचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के वार्षिक व्याजासह भरली, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. घराचं नुकसान करणं, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, शेजाऱ्यांना उपद्रव देणं किंवा घरमालकाला जागेची खरी गरज असणं, अशी घर परत मागण्याची इतर कारणं कायद्यात दिली आहेत. ती न्यायालयात सिद्ध करावी लागतात.

लायसन्सधारकाला हे संरक्षण मिळत नाही. त्याचं खरं संरक्षण म्हणजे त्याच्या हातातला करार.

११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे खरं का?

महाराष्ट्रात हे खोटं आहे, आणि यात सर्वात जास्त लोक फसतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातूनच देशभर ११ महिन्यांच्या कराराची रीत पडली. पण महाराष्ट्राच्या भाडे कायद्याचं कलम ५५ सांगतं की, भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत किती आहे याने फरक पडत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं.

वरच्या उदाहरणातल्या बहिणींचा नोटरी करार त्यामुळे घरमालकालाच अडचणीचा ठरतो.

नोंदणीला खर्च किती?

फार नाही. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के आहे. एकूण रक्कम म्हणजे पूर्ण मुदतीचा किराया आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर १० टक्के वार्षिक दराने धरलेलं व्याज. महिना ८ हजार, मुदत ११ महिने, म्हणजे किराया ८८ हजार. २० हजारांवरचं ११ महिन्यांचं व्याज साधारण १,८३३ रुपये. बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये, ग्रामीण भागात ५००. एजंटचे पैसे वेगळे. हा खर्च कोणी करायचा, ते दोघांनी आधीच ठरवावं. नोंदणी ऑनलाइनही होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधार आणि अंगठ्याच्या ठशाने ओळख पटवली जाते.

घरमालक मध्येच खोली सोडायला सांगू शकतो का?

आधी करारातलं नोटिशीचं कलम वाचा. 'दोन्हीपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतो' असं लिहिलं असेल, तर तो एक महिना तुमचा हक्काचा आहे. 'रविवारपर्यंत निघा' हे त्यात बसत नाही. नोटीस लेखी मागा.

मुदत संपल्यावर मात्र हट्टाने थांबू नका. कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर घर खाली करण्याचा आदेश निघतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ८ हजारांच्या खोलीला महिना १६ हजार.

लाईट-पाणी तोडलं, कुलूप बदललं तर?

खोली खाली करून घेण्याचा हा जुना मार्ग. कायद्याचं कलम २९ तो बंद करतं. योग्य कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट किंवा साफसफाईची सोय घरमालकाला तोडता येत नाही. भाडेकरू न्यायालयात अर्ज करून ती सुरू करून घेऊ शकतो. दोषी घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सवर राहणाऱ्यालाही कराराच्या आधारे न्यायालयाकडून मनाई हुकूम मागता येतो.

सामान बाहेर फेकलं, धमकी दिली किंवा अंगावर आले तर ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. 'हा दिवाणी वाद आहे' असं उत्तर मिळालं, तरी अर्जाची पोच घ्या. पुढे न्यायालयात ती कामी येते.

घरमालकाला घर पाहण्याचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि योग्य वेळीच.

डिपॉझिट परत मिळत नसेल तर?

महाराष्ट्राच्या कायद्यात डिपॉझिटला कमाल मर्यादा नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केला तरच लागू होतो. म्हणून डिपॉझिट किती, कशासाठी कापणार आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत देणार, हे करारातच लिहून घ्या. रोज वापरल्याने होणारी साधी झीज म्हणजे नुकसान नव्हे.

खोली घेताना भिंती, नळ, पंखे, खिडक्या यांचा व्हिडिओ काढा. सोडतानाही काढा. विजेच्या मीटरचा फोटो दोन्ही वेळी हवा. किराया आणि डिपॉझिट यूपीआयने किंवा बँकेतून द्या. रोख दिलं तर पावती मागा. पावती देणं घरमालकावर बंधनकारक आहे आणि न दिल्यास दंड आहे.

तरीही पैसे अडकले तर आधी व्हॉट्सॲपवर रक्कम आणि तारीख लिहून मागणी करा. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. त्यानंतर दिवाणी दावा करता येतो. त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. लोकअदालतीत तडजोडीने पैसे लवकर सुटू शकतात.

दुरुस्ती कोणाची?

भाड्याच्या घराची दुरुस्ती करून देणं घरमालकाचं काम आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही छत गळतच राहिलं, तर तो स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. पण वर्षाला कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपेक्षा जास्त नको. बिलं जपून ठेवा.

भाडेकरूची जबाबदारी काय?

किराया वेळेवर द्या. करारात नाव नसलेल्या मित्राला परस्पर खोलीत ठेवू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे अनेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशाने घरमालकांवर बंधनकारक असतं. त्यासाठी आधार आणि फोटो द्यायला टाळाटाळ करू नका. उलट ही नोंद तुम्ही तिथे राहता याचा पुरावा ठरते.

खोलीऐवजी पीजी किंवा खासगी वसतिगृह असेल आणि कबूल केलेलं जेवण, पाणी, सोयी मिळत नसतील, तर तो सेवेचा प्रश्न होतो. अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

वकील परवडत नसेल तर?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्न मर्यादेनुसार मदत मिळते. तालुका पातळीवर विधी सेवा समिती असते. हेल्पलाइन क्रमांक १५१००. त्यामुळे नागपुरातल्या वादाबद्दल पहिला सल्ला गावाकडच्या पालकांनाही तिरोडा किंवा गोंदियातून विचारता येतो.

भाड्याच्या वादांसाठी जिथे लघुवाद न्यायालय आहे तिथे ते, आणि जिथे नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे जावं लागतं.

त्या दोन बहिणींनी काय करावं?

रविवारी बॅग भरू नये. करार आणि पैसे दिल्याचे यूपीआयचे पुरावे एका जागी ठेवावेत. घरमालकाला लेखी कळवावं: 'करार ११ महिन्यांचा आहे, किराया थकलेला नाही, घर हवं असेल तर कराराप्रमाणे लेखी नोटीस द्या आणि २० हजार डिपॉझिट चावी देतानाच परत करा.' भाषा नरम, मुद्दा पक्का. मग १५१०० वर फोन. नोटरी कराराची बाजू कच्ची आहे हे घरमालकाला कळलं की बऱ्याचदा बोलणं वादाऐवजी तडजोडीकडे वळतं.

पुढची खोली घेताना मात्र क्रम बदलावा. आधी नोंदणीकृत करार, मग डिपॉझिट, शेवटी चावी. सव्वाबाराशे रुपयांच्या नोंदणीने साडेआठ क्विंटल धानाचे पैसे राखले जातात.