कागदाचे पॅकिंग

यंत्र लोखंडाचे असले, तरी त्याची अब्रू पुष्कळदा कागदाच्या हाती असते. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात १९६१ पासून निघालेल्या जावा आणि पुढच्या येझदी मोटारसायकली आमच्या बडोद्यात अजूनही काही घरांनी जपल्या आहेत. कारखाना १९९६ साली बंद पडला. क्लचच्या झाकणाचे पॅकिंग फाटून तेल ठिबकू लागले, की जुन्या गाडीला योग्य मापाचे नवे मिळेलच असा भरवसा नाही.

ते घरी करता येते. जुने पॅकिंग आधी ओले करावे, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ घातक. मग ॲल्युमिनियमला ओरखडा न पाडता ते खरवडावे. ॲस्बेस्टॉसविरहित पॅकिंगचा कागद घ्यावा. जाडी जुन्याइतकीच हवी. कागद झाकणावर धरून तेलकट बोटाने कड चोळली, की आकृती उमटते. आधी स्क्रूंची भोके पाडावी, मग कड कापावी. उलट केल्यास भोके सरकतात.

तबला मिळवताना आपण समोरासमोरची घरे ठोकतो. तसेच इथे स्क्रू समोरासमोर, थोडेथोडे आवळावे. एकच बाजू आधी कसली, तर झाकण वाकते नि तेल पुन्हा गळते. सिलिंडरच्या हेडखाली मात्र कागद घालू नये. तिथला ताप व दाब त्याला सोसत नाही.

वडिलांच्या हातची गाडी एका कागदापायी भंगारात जावी, हे काही बरे नव्हे. घरातल्या मुलांच्या हाती एकदा कात्री आणि कागद द्यावा.