पोडावरच्या पुरुषाला विचारायचं कोणी?

यवतमाळच्या झरी जामणी, केळापूर, मारेगाव भागात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. घरातली बोली कोलामी, दवाखान्यातली मराठी. नापिकीचा, कर्जाचा ताण पुरुष ‘मन उदास आहे’ असा सांगत नाही. झोप नाही, डोकं जड, छातीत धडधड, एवढंच तो सांगतो आणि गोळ्या घेऊन परततो. दारूकडे वळला, तर मग चर्चा फक्त दारूचीच!

राज्य सरकारच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त २०१५ पासून आशाताई घरोघरी तणावाची लक्षणं विचारतात. योजना चांगली, पण त्या येतात तेव्हा पुरुष बहुधा शेतात असतो. असला घरी, तरी बाईमाणसापुढे मोकळा होईलच असं नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘संगाथ’ संस्थेच्या ‘विश्राम’ उपक्रमाने ३० गावांत स्थानिक कार्यकर्ते तयार केले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पोडावर हेच करायचं तर कोलामी बोलणारा, शक्यतो पुरुष कार्यकर्ता हवा आणि भेट संध्याकाळची. तोवर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो रात्रीही चालू असतो.